खिरीखालचं तांबं

आमच्या प्रयोगशाळेत बघण्यासारखं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की ढोमण्यानं दिवाळी अंकाची पानं फुकट खाल्ली. जबलपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एकोणतीस वर्षं टेक्निशियन होतो आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं माझं काम एकच होतं. तांब्याचा रॉड मशीनमध्ये घालायचा आणि तेवढाच रॉड बाहेर काढायचा. तेवढाच म्हणजे अगदी तेवढाच. जाडी तीच, लांबी जवळपास तीच, रंगही तोच. माझी बायको कुंदा हे पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती, "मग रोज काहून जाता तिथं?"

तिला मी जसं समजावलं तसंच तुम्हालाही समजावतो. शुद्ध तांबं मऊ असतं. त्यात दुसरा धातू मिसळला तर ते कडक होतं, पण मग त्यातून वीज पहिल्यासारखी वाहत नाही. आम्हाला दोन्ही पाहिजे होतं, ताकदही आणि वीजही. त्यासाठी एक डाय असतो, म्हणजे बोल्टांनी आवळलेले पोलादाचे दोन ठोकळे. त्यात वरून एक भोक खाली जातं आणि मध्येच काटकोनात वळून बाजूनं बाहेर निघतं. करंगळीएवढा जाड, वीतभराला जरा कमी असा रॉड काळं ग्रीस लावून वरून घालायचा आणि हायड्रॉलिक प्रेसनं दाबत न्यायचा. त्या वळणावर बिचाऱ्याचे हाल होतात. आतले कण चिरडून बारीक होतात, आणि कण जितके बारीक तितकं तांबं कडक. मग डाय उघडायचा, रॉड काढायचा, टोकं घासायची, रॉड पाव वळसा फिरवायचा आणि पुन्हा घालायचा. असं आठ वेळा. कणीक मळल्यावर ती वाढत नाही, पण बिनमळल्या कणकेची पोळी करून बघा. कुंदाला एवढं सांगितल्यावर पटलं.

आठ फेऱ्यांत मधलीच एखादी चुकली तर सगळं मुसळ केरात. त्यासाठी मी खिशात आठ चिंचोके ठेवत असे. सकाळी आठही डाव्या खिशात. एक फेरी झाली की एक चिंचोका उजव्या खिशात. प्रोफेसर लोकांनी मोजणीचं यंत्र आणून दिलं होतं, ते दोनदा बंद पडलं. चिंचोके कधी बंद पडले नाहीत.

पण लोकांना दाखवायचं काय, हा प्रश्न होताच. एकदा सामानाची तपासणी करायला एक साहेब आले. त्यांनी दोन रॉड मोजून माझ्याकडे दिले, दिवसभर खुर्ची टाकून बसले आणि संध्याकाळी दोन रॉड मोजून परत घेतले. मग विचारलं, की काम काय झालं? मी म्हटलं, आत झालं. त्यांनी रॉड कानाशी हलवून बघितला. शेरा लिहिला, "कोई परिवर्तन नहीं पाया गया", आणि खाली माझी सही घेतली. मीही केली. त्यांच्या डोळ्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं, त्यांच्याशी काय भांडायचं?

फरक दिसायचा तो फक्त एका ठिकाणी. आमच्याकडे कडकपणा मोजायचं यंत्र होतं. हिऱ्याचं बारीक टोक रॉडवर ठरावीक भारानं टेकवायचं, त्याचा चौकोनी ठसा उठतो. तो भिंगातून बघून मोजायचा. ठसा मोठा तर तांबं नरम, लहान तर कडक. आठ फेऱ्यांनंतरचा ठसा इतका लहान यायचा की पहिल्यांदा बघणाऱ्याला सापडायचाच नाही. म्हणून बघायचो मी. मी आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि बाकीच्यांनी लिहायचा, अशी आमची पद्धत पडून गेली होती. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना होता, वाचणाऱ्याची सही. वर्षानुवर्षं त्या रकान्यात ढोमणे, ढोमणे, ढोमणे. मला त्याचा अभिमान होता, कशाला खोटं बोलू.

नमुनेदार गिऱ्हाइकंही यायची. शहपुऱ्याहून एक शेतकरी काका आले होते, कोणाकडून तरी ऐकून, की कॉलेजात तांबं पहिलवान करून देतात. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंग दर उन्हाळ्यात जळायचं. पिशवीतून त्यांनी जळक्या तारेचं भेंडोळं काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, याला मजबूत करून द्या. मी त्यांना चहा पाजला आणि तासभर समजावलं. मजबूत तांबं न जळणारं तांबं नव्हे. उलट आपण दाबून दाबून जी ताकद भरतो, ती आगीचं तोंड बघताच पळते. फार नाही, नीट पेटलेल्या चुलीइतकी आच लागली की आतले कण पुन्हा फुगतात आणि रॉड होता तसा मऊ. दिसायला मात्र काही फरक नाही. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि भेंडोळं पिशवीत भरत म्हणाले, "तो भैया, इतनी मेहनत काहे करते हो? एक चूल्हे में सब चला जाएगा."

मी हसलो. अडाणी माणूस आहे, असं मनात आलं होतं, हेही लिहून टाकतो.

आता मुख्य गोष्ट. माझ्या रिटायरमेंटच्या आदल्या वर्षीची.

रश्मी नावाची मुलगी आमच्याकडे याच विषयात पीएच.डी. करून राहिली होती. आमच्याच अधारताल मोहल्ल्यातली, मराठी घरातली, पण सगळं शिक्षण हिंदीत झालेलं. मी तिच्याशी मराठीत बोलायचो, ती उत्तर हिंदीत द्यायची. मराठी कळतं हो काका, पण तोंडातून निघत नाही, एवढं एक वाक्य तिनं पहिल्या दिवशी जुळवून म्हटलं आणि मराठीचा कोटा संपवला. पण कामाला वाघीण. पाच वर्षं ग्रीसमध्ये हात घालून तिनं शेकड्यानं रॉड काढले. शेवटी प्रबंध झाला. बाहेरच्या परीक्षकांनी कळवलं, की तोंडी परीक्षेच्या दिवशी मला आठ फेऱ्यांचे रॉड समोर पाहिजेत, कडकपणा माझ्यासमोर मोजा. रश्मीनं नवे कोरे सहा रॉड तयार केले, प्रत्येकाला आठ फेऱ्या, आणि डबा माझ्याकडे दिला. स्वतःजवळ ठेवले तर हरवतील, काकांकडे राहू द्या, असं तिचं म्हणणं. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी.

आमच्या वर्कशॉपमध्ये विश्वकर्मा पूजा महिनाभर आधीच व्हायची, ती सगळ्यांची. खंडेनवमी माझी. बापानं नागपूरहून इकडे येताना दुसरं काही आणलं नाही, पण ही एक आणली. सुट्टी असली तरी मी ऑफिसातून किल्ली मागून घ्यायचो, प्रेसला हळद-कुंकू लावायचो, दांड्याला लाल धागा बांधायचो. समोर लाल कपड्यावर त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं काम ठेवायचं. पूजा झाली की दसरा सरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नियमही माझाच. मी तो इतका कडक पाळायचो की साहेब लोक किल्लीही परत घेऊन ऑफिसच्या कपाटात टाकायचे आणि कपाट उघडायचं ते सुट्टी संपल्यावरच.

त्या वर्षीचं चांगलं काम म्हणजे अर्थात रश्मीचे सहा रॉड. ते मांडले. ती घरच्या कन्यापूजनात अडकलेली, आली नव्हती. पूजेला बोलावलेल्या पंडितजींनी छोट्या लोखंडी कुंडात हवन सुरू केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की चरू शिजवायची तिवई घरी राहिली. चरू म्हणजे दुधातले तांदूळ, खीरच समजा. ती याच अग्नीवर शिजली पाहिजे, नाहीतर हवन अपुरं. विटा शोधल्या, तर बागेतल्या विटा बूट घालून तुडवलेल्या. लोखंडी पट्ट्या पंडितजींना चालेनात. ते म्हणाले, तांबं असतं तर पवित्र होतं.

तांबं!

काय सांगू, छाती फुगली माझी. एवढी वर्षं लोकांनी विचारलं, की तुमच्या या तांब्याचा उपयोग काय? आणि आज देवाच्या कामाला पाहिजे होतं आणि माझ्यासमोर सहा रॉड पडलेले होते. कुंडाला आतून पायरी होती. त्या पायरीवर मी सहाही रॉड ओळीनं आडवे मांडले, बोटभर अंतर सोडून, वर पातेलं. पातेलं तसूभर हललं नाही. पंडितजींना मी ऐकवलंही, की हे साधं तांबं नाही, आठ फेऱ्यांचं आहे. ते तूप सोडत गेले. ज्वाळा रॉडच्या मधून वर येऊन पातेल्याला चाटत होत्या. अर्ध्या तासात खीर झाली. रॉड काळे पडले होते, ते थंड झाल्यावर चिंच-मीठ लावून असे लखलखीत घासले की नव्यापेक्षा नवे. डब्यात भरले, कुलूप लावलं, किल्ली ऑफिसात दिली, खिरीचा डबा घेऊन घरी आलो.

खीर फारच उत्तम झाली होती. मी एक वाटी खाल्ली, कुंदाला म्हटलं अजून घाल. दुसरी वाटी तोंडाशी नेली आणि मला शहपुऱ्याचे काका आठवले.

वाटी खाली ठेवली. कुंदाला वाटलं खडा लागला. मी तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, टोकं तर कुंडाच्या काठाशी होती ना, तेवढी वाचली असतील? मी म्हटलं, लोखंड असतं तर वाचली असती. तांबं उष्णता जवळ ठेवत नाही, या टोकाची त्या टोकाला वाटून टाकतं. सहाच्या सहा गेले. तिनं डोक्याला हात लावला आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन करून त्या पोरीला सांगा. मी म्हटलं, सांगून ती काय करणार, किल्ली कपाटात, कपाट बंद, प्रेसला माझाच धागा. उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी रश्मी स्वतःच सोनं द्यायला आली. आपट्याची पानं मिळाली नाहीत म्हणून शमीची घेऊन आली होती. पाया पडली. मग बसून हळूच सांगितलं, की बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत तिची निवड झाली आहे, पण या महिन्यात डिग्री हाती पडली तरच. नाही पडली तर जागा दुसऱ्याची. घरी अजून सांगितलं नव्हतं, पहिल्यांदा मला सांगत होती. कुंदा स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. मी पोरीला लाडू दिला आणि म्हटलं, सगळं चांगलं होईल. माझ्यासारखा भित्रा माणूस त्या दिवशी अख्ख्या जबलपूरमध्ये नसेल.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक सर आले. पांढरा शुभ्र शर्ट, जाड चष्मा, बोलणं मऊ. या विषयावर त्यांनी आयुष्यभर लिहिलं होतं. रश्मीनं तासभर छान उत्तरं दिली. मग सगळे प्रयोगशाळेत आले. त्यांनी डबा उघडून एक रॉड उचलला, आणि कौतुकानं म्हणाले, की किती सुंदर पॉलिश केलं आहे.

मी रॉड यंत्रावर ठेवला, हिरा टेकवला. परीक्षक सरांनी भिंगाला डोळा लावून बघितलं, पण चष्म्यामुळे नीट दिसेना, तेव्हा ते बाजूला झाले आणि हातानं मला खूण केली, की तुम्हीच वाचा. रश्मी पेन घेऊन रजिस्टर उघडून उभी. मी डोळा लावला. ठसा एवढा मोठा होता की भिंगात मावेना.

खरा आकडा, म्हणजे यायला पाहिजे होता तो, मला तोंडपाठ होता. गेल्या दोन वर्षांत मीच तो शंभरदा वाचला होता. आत्ताही फक्त म्हणायचा होता. ते खोटंही वाटलं नसतं, कारण परवापर्यंत ते रॉड तेवढेच कडक होते. पोरीनं प्रामाणिकपणे काम केलेलं, आकडा तिच्या प्रबंधात आधीच छापलेला, सर खूश, माझी सही. सगळं जुळत होतं. तोंड उघडलंही. आणि मग वाटलं, दहा-बारा वर्षांचा तो रकाना या एका सहीनं नासणार. आणि पोरीच्या डिग्रीत आयुष्यभर माझी खीर राहणार. डोळा भिंगाला लावलेलाच ठेवून मी बोललो, कोणाच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

"सर, रॉड नरम हैं. इसमें रश्मी की कोई गलती नहीं है. इन पर मैंने खीर पकाई है."

रश्मीचे गाइड भिंत धरून उभे राहिले. शेवटी परीक्षक सरांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "चावल की?"

मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. परीक्षक सरांनी खिशातून डायरी काढली आणि लिहायला लागले. कुंड केवढं, रॉडमधलं अंतर किती, समिधा कशाच्या? तुपाचं मला सांगता येईना, तर म्हणाले पंडितजींना फोन लावा. फोन स्पीकरवर ठेवला. सरांनी विचारलं, आहुत्या किती? पंडितजी म्हणाले, एकशे आठ. दूध किती वेळात उकळलं? खीर तळाला लागली होती का? इथं मात्र पंडितजी तापले. म्हणाले, त्यांची खीर चाळीस वर्षांत लागलेली नाही आणि हे विचारणारे आपण कोण? सरांनी क्षमा मागितली, आणि आचेचा अंदाज डायरीत लिहिला. मग रश्मीकडे वळून विचारलं, की तुझ्या प्रबंधाप्रमाणे एवढ्या आचेला अर्धा तास दिला तर काय व्हायला पाहिजे?

रश्मीचे डोळे भरलेले होते, पण उत्तर आलं. कण पुन्हा मोठे व्हायला पाहिजेत, रॉड नरम व्हायला पाहिजेत. पान नंबरही सांगितला. सर म्हणाले, झाले आहेत. आता हाच रॉड पुन्हा कडक करून दाखवा. आज, माझ्यासमोर. आकडा तोच आला तर मला काही म्हणायचं नाही. नाही आला तर मी सही करणार नाही.

प्रेसचा धागा मी स्वतःच्या हातानं तोडला. दसरा सरला होता, पण पूजेचा धागा असा तोडायचा नसतो. देव काय म्हणेल तो म्हणो.

एका फेरीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दुपारी बाराला सुरू केलं. पहिल्या दोन फेऱ्या सर खुर्चीवर बसून बघत होते. तिसऱ्या फेरीला उठून जवळ आले. चौथीला विचारलं, की मी दांडा धरू का? तेव्हा कळलं, की या माणसानं तीस वर्षं या विषयावर लिहिलं ते सगळं कॉम्प्युटरवर, रॉड वळणातून जाताना प्रत्यक्षात कधी बघितलाच नव्हता. प्रेस कण्हते कशी, ग्रीसचा वास कसा येतो, बाहेर निघालेला रॉड हाताला कोमट लागतो, सगळ्याचं त्यांना नवल. जेवणाची सुट्टी होऊन गेली. पाचव्या फेरीनंतर मी फेऱ्यांचा हिशेब त्यांच्याकडे सोपवला, म्हणजे चिंचोके त्यांच्या खिशात दिले. पद्धत समजावली. त्यांनी एकही शंका न काढता पाच उजव्या खिशात ठेवले आणि तीन डाव्या. पांढऱ्या शर्टावर काळ्या ग्रीसचे पंजे उठले होते. गाइड सर ते बघून डोळे मिटून घ्यायचे.

रश्मी माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. रॉड घासायची, द्यायची, पुन्हा घ्यायची. माझं तेच चांगलं चाललं होतं. रागावली असती तरी झेललं असतं, पण ती गप्प होती आणि त्या गप्प असण्यानं मी अर्धा झालो होतो.

साडेतीनच्या सुमारास सरांनी आठवा चिंचोका उजव्या खिशात टाकला. रॉड यंत्रावर ठेवला. हिरा टेकला, उचलला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, सवयच ती. मी मागे सरकलो. म्हटलं, मी नाही वाचणार. रश्मीला वाचू द्या.

ती पुढे आली. तिनं कधी वाचलं नव्हतं असं नाही, पण मी असताना कधीच नाही. डोळा भिंगाला लावला. भिंग एकीकडे फिरवलं, दुसरीकडे फिरवलं. बराच वेळ लावला. मला वाटलं, सहाही रॉडचं त्या आगीत काहीतरी आणखी बिघडलं, आणि पोरगी ते सांगायला धजत नाही.

"काका," ती भिंगावरून डोळा न काढता म्हणाली, "सापडत नव्हता. लय लहान आहे हो ठसा."

मराठीत. आकडा तिनं नंतर सांगितला. प्रबंधातला होता तोच, भिंगातल्या पट्टीवरच्या एखाद्या खुणेचा फरक. परीक्षक सरांनी चष्मा काढून तीनदा बघितलं आणि मान डोलावली. खिशातले आठ चिंचोके त्यांनी मला परत दिले नाहीत, मीही मागितले नाहीत.

रजिस्टर पुढे आलं. आकडा लिहिला होता, शेवटचा रकाना रिकामा होता. सवयीनं पेन माझ्या हातात आलं. मी ते रश्मीला दिलं आणि त्या रकान्यात तिनं सही केली.